जातीची एकच

मी घागर बोलतेय. पाणी मागू नका, माझ्या बुडाला भोक आहे.

माझी माती पेणची. भट्टीतून निघाले तेव्हा खणखणीत वाजत होते. गुणाजीनं तीन ठिकाणी टिचक्या मारून मला पसंत केलं आणि कासू गावापर्यंत एस्टीत मांडीवर धरून आणलं. घराच्या पायरीवर ठेवताना मात्र हात निसटला आणि बुडाचा टवका उडून भोक पडलं. त्याची बायको धोंडुबाई म्हणाली, "सगळी वाट सांभाळलीत, नि दारात फोडलीत." वर्षभर मी कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथी पडून होते.

पण त्या घरात फुटकं भांडं फेकायची रीत नव्हती. गुणाजीनं मला मागच्या मातीच्या भिंतीत आडवी बसवली. भोक परसाकडे, तोंड घरात, तोंडावर झाकण आणि झाकणावर शेणमातीचा लेप. चैत्रात सातेरी मधमाश्यांचं मोहोळ त्या भोकातून आत शिरलं. मला भरल्यासारखं झालं. त्याच चैत्राच्या शेवटी गुणाजी गेला.

मग धोंडुबाई रोज सकाळी लेपाला कान लावायची. "हायसा का गो सगळ्या?" असं विचारायची. आतून जे घुमायचं, तेच तिच्या घरातलं बोलणं. मुलगा बिऱ्हाड घेऊन रोह्याजवळच्या अष्टमी गावी गेला होता. मध ती काढायची वर्षातून एकदाच, डोक्याला तेल न लावता, नि अर्धी पोळी तशीच सोडून.

त्र्याण्णवच्या भादव्यात तिची नात दिपिका आली. ती रोह्याच्या कॉलेजात शिकत होती. सरांनी सांगितलं होतं, पेण ते रोहा या पट्ट्यातले पन्नास कीटक टाचणीला लावून आणा, प्रत्येकाखाली नाव आणि ठिकाण लिहा.

नाव आणि ठिकाण म्हटल्यावर धोंडुबाईला कोण थांबवणार? तिनं घरबसल्या सगळा पट्टा सांगितला. आग्या मोहोळ नागोठण्याच्या बाजूला, उंच झाडांवर. फुलोरी करवंदीच्या जाळीत, तळहाताएवढं पोळं करून. गोमाशी ढोरांच्या मागे, हिरवी माशी सुकटाच्या टोपलीवर. कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, पण स्वतः त्यात राहत नाही. "तुझ्या आज्यासारखी," ती म्हणाली.

दिपिकानं तिला शिकवलं, की माशीला दोन पंख आणि मधमाशीला चार, त्यावरून त्यांचे गट पडतात. धोंडुबाई हसली. "मी पंख मोजत नाय. आवाज मोजते."

ते खरं होतं, आणि त्यामागे एक लपवलेलं दुःखही होतं. मला ठाऊक होतं. वर्षभर ती माझं झाकण बोटांनी चाचपून शोधायची. तिचे डोळे गेले होते, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर मुलगा अष्टमीला नेईल, मग माश्यांना विचारणार कोण?

सगळे कीटक धरताना तिची एकच अट होती, जातीची एकच घ्यायची. एकोणपन्नास झाले. पन्नासावी सातेरी. तिनं स्वतः माझा लेप काढला. दिपिका चिमटा घेऊन वाकली आणि थबकली.

"आजी, यात एक येगळी हाय. लांब, काळसर, पंख आखूड. बघ ना."

तिनं चिमटा आजीच्या डोळ्यांपुढे धरला. धोंडुबाई वाकली, पाहणाऱ्या माणसासारखी मान हलवली आणि म्हणाली, "येगळी हाय तर घे. पण एकच."

माती ओरडू शकत नाही.

दिपिका दुपारच्या गाडीनं गेली. तासाभरात माझ्या पोटातला सूर बदलला. धोंडुबाईनं कान लावला आणि तशीच खाली बसली. हा सूर तिनं याच घरात एकदा ऐकला होता, गुणाजी गेला तेव्हा, माणसांच्या गळ्यातून. काय झालं ते तिला कळेना. मुंग्या शोधल्या, राखेची रेघ ओढली.

माश्यांनी नवी राणी वाढवली. एका उन्हाच्या दिवशी ती मिलनासाठी भोकातून बाहेर उडाली. परसातल्या भेंडाच्या झाडावर उडत्या माश्या टिपणारा वेडा राघू बसलेला असायचा. ती परत आली नाही. अंडी घालणारं कुणी उरलं नाही. मग पोळ्यांना मेणकिडा लागला, आणि माश्या रोज थोड्या थोड्या कमी होत गेल्या.

दिवाळीला दिपिका आपली कीटकांची पेटी घेऊन आली. तिला शाबासकी मिळाली होती. आजीजवळ बसून ती एकेक नाव, एकेक ठिकाण वाचत गेली. पन्नासाव्यावर सरांनी लाल शाईनं काहीतरी लिहिलं होतं. तेही तिनं त्याच सुरात वाचलं, "ही वेगळी जात नव्हे. सातेरीची राणी."

आणि तिनं माझ्या भिंतीकडे पाहिलं.

धोंडुबाई लुगड्याचा पदर बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "तू दाखवली व्हतीस मला."

"व्हय."

"मला दिसत नाय गो. वरीस झालं."

दिपिकानं तिचा हात धरला. मग तिनं टाचणी काढली, माझं झाकण उघडलं, राणीला आत अलगद ठेवलं आणि लेप स्वतः सारवला.

पुढे मुलानं पेणला नेऊन धोंडुबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. आता तिला भेंडावरचा राघूसुद्धा दिसतो. पण माझं झाकण ती उघडत नाही.

माणसांनो, तुमच्या परसात कधी मोहोळ उतरलं, तर धूर करू नका. कासूच्या एका भिंतीत जागा रिकामी आहे, आतून मेणाचा वास अजून येतो, एवढं त्यांना कळू द्या.

रोज सकाळी ती अजून कान लावते. "हायसा का गो?" विचारते. पूर्वी म्हणायची ते 'सगळ्या' आता म्हणत नाही. एक आहे, धोंडुबाई. टाचणीच्या भोकासकट, माझ्या बुडाशी. पण तिला घुमता येत नाही, आणि मला तुझ्याशी बोलता येत नाही.