न कापलेलं बोलणं

टीव्हीच्या त्या कार्यालयात त्याला सगळे शिंपी म्हणत. कपड्यांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो आवाज कापायचा आणि जोडायचा. खोकला, ‘अं’, खुर्चीची करकर असं सगळं उडवून वाक्यं अशी सांधायचा की टाका कुठे दिसायचा नाही. वीस वर्षं हेच काम केल्यामुळे हात असा बसला होता की समोरचा माणूस बोलताना अडखळला तरी त्याची बोटं वळवळायची.

दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा एक कार्यक्रम लागायचा. स्वतःच्या हातांनी काही काम करणारी तरुण मुलंमुली त्यात येऊन आपलं काम दाखवायची. एका भागासाठी सतरा वर्षांची एक मुलगी आली. आईच्या दुकानात ती जळलेल्या पंख्यांचं वायंडिंग करायची. तार गुंडाळताना वेढे मोजायची ते घडाघडा. बोलायला लागली की मात्र अडायची. ‘मोटर’ म्हणताना तिची हनुवटी वर जायची, डोळे मिटायचे आणि ‘म’ काही केल्या ओठांवरून हलायचा नाही.

चित्रीकरण नऊ मिनिटांचं झालं होतं. शिंप्याने दोन दिवस खपून ते चार मिनिटांवर आणलं. मुलगी बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलू लागली. निर्मात्या मॅडम खूश झाल्या. “कमाल केलीस. कुणाला शंकासुद्धा येणार नाही.”

प्रक्षेपणाआधी पाहुण्यांना भाग दाखवायची तिथे पद्धत होती. मुलगी आईला घेऊन आली. तिने शेवटपर्यंत पाहिलं आणि मग म्हणाली, “आ-आवाज माझाच आहे. पण ही मुलगी कोण?”

“अगं, लोकांनी हसू नये म्हणून केलं,” मॅडम म्हणाल्या.

“लोक ह-हसतातच. दुकानातपण हसतात. मग पंखा घेऊन जातात.” तिची आई तोंडावर पदर धरून हसली. मुलगी पुढे म्हणाली, “उद्या हे बघून कुणी दु-दुकानात आलं, तर काय सांगू? टीव्हीवर दिसली ती माझी ब... ब...”

“बहीण,” शिंपी सवयीने बोलून गेला.

तिने हात वर केला. रागाने नाही, रस्ता ओलांडताना गाडी थांबवावी तसा. “सांगते मी. ब-बहीण होती?”

शिंप्याला ओशाळल्यासारखं झालं. पंधरा वर्षांचा त्याचा मुलगाही असाच अडायचा. चार वर्षांचा असल्यापासून त्याची वाक्यं बापच पुरी करत आला होता. तिकिटाच्या खिडकीपाशी, दवाखान्यात, आजीच्या फोनवर. पोराला त्रास नको, एवढाच हेतू. पोराने कधी हात वर केला नव्हता. तो फक्त कमी बोलू लागला होता आणि नातेवाइकांत त्याचा स्वभाव शांत म्हणून कौतुक होत होतं.

मायलेकी गेल्यावर त्याने मॅडमना गाठलं. “एक दिवस द्या. तिचं बोलणं होतं तसं परत लावतो. वेळ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या गप्पांतून काढू.”

“लोक चॅनल बदलतील रे. एका ठिकाणी तर ती चौदा सेकंद अडकली आहे.”

“काही जण बदलतील. पण त्या चौदा सेकंदांनंतर ती जे सांगते ना, ते या भागातलं सगळ्यात छान वाक्य आहे. मी ते अडणं कापलं तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

मॅडमनी बराच वेळ पेनाचं टोपण काढ-घाल केलं. मग म्हणाल्या, “लाव. शिव्या आल्या तर तुझ्याकडे पाठवीन.”

शनिवारी घरी तो, बायको आणि मुलगा टीव्हीपुढे बसले. त्याने मुलाला आधी काही सांगितलं नव्हतं. मुलाचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. पडद्यावर ‘म’ अडकला तसा त्याने मोबाइल खाली ठेवला. चौदा सेकंद तो पुढे वाकून बसला. शब्द सुटला तेव्हा त्याच्याही छातीतला श्वास सुटला. ती मुलगी सांगत होती, “मोटर जळली म्हणजे मेली नाही. आतून नीट गुंडाळली की फिरते.”

“प-परत लावता येईल?” मुलाने विचारलं. बापाने आणलेली प्रत लावून त्याने तो भाग तीनदा पाहिला आणि झोपायला गेला.

शिव्या आल्या, पण थोड्या. कार्यक्रम रटाळ झालाय, असं कुणीतरी कळवलं. बाकीची पत्रं वेगळी होती. एका मुलीचं पत्र मॅडमनी स्वतः आणून त्याच्या टेबलावर ठेवलं: ‘मी अकरावीत आहे. आज वर्गात माझं नाव मीच सांगितलं. अडखळले. सांगितलं.’

पुढच्या आठवड्यात जेवताना मुलगा आपणहून बोलायला लागला. “आज शाळेत स-सरांचं कु... कु...”

“कुत्रं?” बाप म्हणाला.

मुलाने घास ताटात ठेवला. “बाबा, मी सांगतोय ना.”

“सांग.”

बराच वेळ गेला. आई पाण्याचा पेला उचलायला गेली आणि तशीच थांबली.

“कु-कुलूप,” मुलगा म्हणाला. “प्रयोगशाळेचं. किल्ली हरवली.”

आजवर किती वेळा आपण ‘कुत्रं’ म्हटलं असेल आणि पोराने मान डोलावून त्या कुत्र्यावरच भागवलं असेल, याचा शिंपी मनातल्या मनात हिशोब करू लागला.

“मग उघडलं का कुलूप?” आईने विचारलं.

“थांब गं, तेच तर स-सांगतोय,” मुलगा म्हणाला आणि किल्लीची ती गोष्ट त्याने पहिल्यापासून सुरू केली. गोष्ट तशी साधीच होती, लांबलीही खूप. आमटी पार गार झाली, तरी कुणी उठलं नाही.