यातलं तुझं कुठलं?

एव्हारिस्त मोकूर तत्त्वज्ञ आहे हे मला त्याने स्वतः सांगितलं, नाहीतर मला कळलं नसतं. आम्हां नाटकवाल्यांचं बरं असतं. कोण किती पाण्यात आहे ते स्टेजवर पाऊल टाकताच दिसतं. तत्त्वज्ञांना आपलं आपण सांगावं लागतं, आणि ते न कंटाळता सांगतात.

युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती आणि पॅरिसमध्ये तत्त्वज्ञानाची साथ आली होती. मोकूरने सातशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. कुठलाही माणूस दुसऱ्याचं बोलणं कधीच खऱ्या अर्थाने ऐकू शकत नाही, असं त्याने त्यात सिद्ध केलं होतं. कॅफेत बसलेल्या ज्याच्या त्याच्या काखेत तो ग्रंथ दिसायचा. आमच्याकडे पुस्तकांची पानं जोडलेली येतात, सुरीने कापत कापत वाचावी लागतात. मी पाहिलेल्या एकाही प्रतीत सुरी चाळिसाव्या पानापुढे गेलेली नव्हती. लेखकाच्या स्वतःच्या प्रतीतसुद्धा नाही.

मग त्या सगळ्या मंडळींना नाटकं लिहायची हुक्की आली. मोकूरने एक लिहिलं आणि ते रू द ला गेते या रस्त्यावरच्या आमच्या छोट्या थिएटरच्या मालकाच्या गळ्यात मारलं. मी, ओदिल, तिथे नायिकेची कामं करायचे. स्टेजच्या पुढच्या खोक्यात बसून आम्हांला विसरलेली वाक्यं पुरवायची आमची प्रॉम्प्टर आनिक. आनिकचा बाप एर्व्हे ल बिहान, मूळचा ब्रेस्टचा खलाशी, आमच्या पडदेवाल्यांचा मुकादम होता. आनिक विंगेतच वाढलेली पोर.

पहिल्याच तालमीला मोकूर खिशात हात घालून, शिट्टी वाजवत स्टेजवर आला.

थिएटरात शिट्टी वाजवायची नाही. पूर्वी पडदेवाले सगळे खलाशीच असायचे. उंच चढणं, गाठी मारणं, ओझी वर-खाली करणं त्यांना जहाजावरूनच येई, आणि खालून वर निरोप जायचा तो शिट्टीने. एक लांब, दोन तोकड्या म्हणजे दर्शनी पडदा खाली. पुढे निरोपाला दिवे आले, पण हातांच्या सवयी जात नाहीत. त्या दिवशी वर गास्तों होता, एर्व्हेचा चेला. मोकूरची शिट्टी ऐकली आणि त्याची पकड सुटली. रंगवलेल्या आभाळाची एक जाड गुंडाळी धाडदिशी खाली आली आणि मोकूरपासून हातभर अंतरावर आदळली.

"बाहेर व्हा," एर्व्हे म्हणाला.

"मी लेखक आहे," मोकूर म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय. आज मेलात तर उद्या दुरुस्त्या कोण करणार?"

मोकूर बाहेर गेला नाही. कपड्यांवरची धूळ झटकून त्याने आम्हांला अंधश्रद्धेवर अर्धा तास ऐकवलं. मी आनिककडे पाहिलं, ती पांढरीफटक पडली होती. लहानपणी तिने विंगेत एकदाच शिट्टी मारली होती आणि बापाने तिला आयुष्यातली एकमेव थोबाडीत दिली होती. शिट्टी मारायला शिकवलं होतं त्यानेच. सगळ्या खुणा शिकवल्या होत्या, पण ब्रेस्टच्या धक्क्यावर, उघड्यावर.

नाटकात मी नवरा समुद्रात गमावलेली कोळीण होते. पहिलंच वाक्य असं होतं: 'तुझी अनुपस्थिती हेच तुझ्या उपस्थितीचं शुद्धतम रूप होय.'

मी म्हटलं, "मोकूरसाहेब, हे मी मासे साफ करता करता म्हणू, की आधी हात धुऊन येऊ?"

"तुम्हांला त्यातला ताण कळलेला नाही."

"कळला ना. दोन दिवस पोट साफ नसलं की येतो तसा."

सगळे हसले आणि मोकूर लाल झाला. तेवढ्यात खोक्यातून आनिकचा आवाज आला. ती स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "ती म्हणेल, तुझं ताट मी अजून रोज धुते."

हसणं थांबलं. मालकाने तोंडातली सिगारेट काढली. मी ते वाक्य म्हणून पाहिलं आणि पुन्हा एकदा म्हटलं. मोकूर खाली वाकून लिहीत होता. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना सांगत होता, "काल पहाटे मला एकदम ताट दिसलं."

त्या महिन्यात त्याला पहाटे बरंच काही दिसलं. चहाची किटली दिसली, चुकीच्या पायातला बूट दिसला, पावसात वाळत घातलेला सदरा दिसला. हे सगळं खोक्यातून दिसत असे.

पहिल्या प्रयोगाच्या शेवटी लेखकाचं नाव पुकारायची आमची जुनी चाल होती. बाकीच्या थिएटरांनी ती मोडीत काढली होती, आमच्या मालकाने जपली होती. टाळ्या ओसरू लागल्या की मुख्य नटाने पुढे यायचं आणि म्हणायचं, "आम्हांला जे नाटक सादर करण्याचा मान मिळाला, ते अमुक यांचं आहे." ते मी म्हटलं. माझ्या पायाशी खोक्यात आनिक मान वर करून हसत होती. वर्तमानपत्रांनी त्या ताटावर रकाने भरले. एका टीकाकाराला ते ताट म्हणजे युद्धोत्तर युरोप वाटलं.

वर्षाच्या आत मोकूरने आनिकशी लग्न केलं. मला म्हणाला, "तिला ऐकता येतं." सातशे पानं पाण्यात गेली हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

मग नाटकांमागून नाटकं आली. मी कितीदा तरी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ती कशी होतात ते पाहिलं. आनिक भाजी चिरत असायची आणि हा समोर येरझाऱ्या घालत मोठमोठ्याने वाचायचा. ती सुरी थांबवून म्हणायची, "नाही रे, असं कुणी बोलत नाही. तो म्हणेल..." आणि हा लगेच पेन काढायचा. आयत्या बिळावर नागोबा! त्यात नागोबाला वाटायचं की बीळ आपल्याच फुत्काराने पडलं.

"तू बोलत का नाहीस त्याला?" मी एकदा चिडून विचारलं.

"असू दे गं. नाव त्याला लागतं. मला आपलं ऐकायला मिळतं, तेवढं पुरतं."

मला राग यायचा, आणि तो तिच्यावरही यायचा.

एर्व्हे निवृत्त होऊन ब्रेस्टला गेला. लेकीच्या नवऱ्याचं नवं नाटक लागलं की तो लग्नातला सूट घालून गाडीने यायचा. आत जाण्याआधी चष्मा लावून दारावरचं अख्खं पोस्टर वाचायचा, टोप करणाऱ्याच्या नावापर्यंत. तो स्वतः चाळीस वर्षं वर लटकला, पण पडदेवाल्यांची नावं पोस्टरवर घालत नाहीत. वाचून झालं की दर वेळी विचारायचा, "पोरी, यातलं तुझं कुठलं?"

"घरचंच आहे सगळं, बाबा," ती म्हणायची. तो मान हलवायचा. त्याचं समाधान झालेलं नसायचं.

पुढे नाटकाचे दिवस वाईट आले. आमचं थिएटर विकलं गेलं, तिथे सिनेमाघर झालं. त्याच सुमाराला मोकूरने एका मासिकात जाहीर केलं की रंगभूमी मेली आहे. ज्या ताटात जेवला त्यावरच थुंकला! आता तो दिग्दर्शक झाला. काळा चष्मा आला, गळ्यात मफलर आला. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तो जेवणाच्या टेबलावरच्या चीजकडेही एक डोळा मिटून पाहू लागला.

चित्रीकरणाला मी होते. कॅमेरामनने विचारलं, "कॅमेरा कुठे लावू?" त्यावर मोकूर 'पाहणाऱ्याची हिंसा' या विषयावर बोलला. कॅमेरामनने ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "बरं, मग कुठे लावू?" युनिट उन्हात उभं. शेवटी थर्मास घेऊन आलेली आनिक म्हणाली, "खिडकीपाशी लावा. म्हातारा तिथेच उभा राहील ना, बंदर दिसतं तिथून." कॅमेरा खिडकीपाशी लागला. पुढे सगळीकडे त्या खिडकीची वाखाणणी झाली.

सिनेमातला हा म्हातारा म्हणजे एर्व्हेच. गोष्ट त्याचीच होती, जहाज सोडून थिएटरच्या छताशी आयुष्य काढलेल्या खलाशाची. त्यातलं एकेक वाक्य आनिकने बापाच्या तोंडून उचललेलं होतं. आणि या वेळी, लग्नानंतर पहिल्यांदा, तिने काहीतरी मागितलं. मी त्यांच्याकडे सूप पीत होते.

"संवादांना माझं नाव घाल," ती म्हणाली. "आनिक ल बिहान. माहेरचं."

मोकूर हसला. "नाव? अगं, नाव ही मालकीची भाषा झाली. जे खरं असतं ते कुणाचंच नसतं."

"मग तुझं काढ."

सूप माझ्या नाकात गेलं. मोकूरने मला रुमाल दिला. असं क्वचितच होई.

"बाबा येणार आहेत," ती म्हणाली. "एक्याऐंशी वर्षांचे झालेत, पुढच्या सिनेमापर्यंत राहतील की नाही सांगता येत नाही. गोष्ट त्यांची आहे. एकदा तरी त्यांना पडद्यावर नाव दिसू दे. मी दुसरं काही मागितलंय कधी?"

"दिला शब्द," तो म्हणाला, आणि तिच्या डोक्यावर ओठ टेकले. त्याच संध्याकाळी तिने ब्रेस्टच्या बंदरावरच्या कॅफेत फोन करून बापाला बोलावून घेतलं आणि ओरडून सांगितलं, "बाबा, या वेळी माझं नाव आहे!" एर्व्हेने म्हणे तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं.

पहिला खेळ आमच्याच जुन्या थिएटरात ठेवला होता. मोकूरच्या मते ते 'वर्तुळ पूर्ण होणं' होतं. लाल पडदा अजून तसाच होता, आणि तो वर-खाली करायला गास्तोंलाही ठेवलेलं होतं. एर्व्हे आमच्या दोघींच्या मध्ये बसला. सूट आता त्याला ढगळ होत होता. चष्मा त्याने दिवे मालवायच्या आधीच लावून ठेवला होता.

नावं सुरू झाली. प्रत्येक नाव तो ओठ हलवत वाचत होता. माझं वाचून त्याने माझा हात दाबला. कॅमेरामन, शिवणकाम, केशभूषा. एका दृश्यात कुत्रा होता, त्या कुत्र्याला सांभाळणाऱ्याचं नाव आलं. मग अख्ख्या पडद्यावर 'कथा, संवाद आणि दिग्दर्शन: एव्हारिस्त मोकूर', आणि सिनेमा सुरू झाला.

"राहिलं," एर्व्हे कुजबुजला. "शेवटी असेल."

तो दीड तास मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. म्हातारा स्वतःचीच वाक्यं ऐकून मध्ये मध्ये गालातल्या गालात हसत होता. शेवटी खिडकी आली, बंदर आलं, आणि पडदा काळा झाला. त्यावर बारीक अक्षरं उमटली: 'आ. साठी.' मग 'समाप्त'.

एर्व्हे थांबून राहिला. दिवे लागले, लोक उठून टाळ्या वाजवू लागले तरी हा कोऱ्या पडद्याकडे बघत होता.

"हा 'आ.' कोण?" त्याने विचारलं. आनिकने खाली पाहिलं. त्याने हळूहळू चष्मा काढला, घडी केला, खिशात ठेवला.

ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ स्टेजवर चढले. मी टाळ्या घ्यायला आले असं समजून लोकांनी त्या वाढवल्या. त्या ओसरू दिल्या आणि मी आमच्या जुन्या चालीने पुकारलं, "आम्हांला जी कृती सादर करण्याचा मान मिळाला, तिचे संवाद आनिक ल बिहान यांचे आहेत. आधीच्या सगळ्या नाटकांचेही त्यांचेच आहेत."

आता हा मेला, असं मला वाटलं. मी त्याला ओळखलंच नव्हतं. मोकूर उड्या मारत वर आला, काळा चष्मा काढला. डोळ्यांत खरंखुरं पाणी! सिनेमाच्या पांढऱ्या पडद्याच्या अगदी जवळ, दिव्याच्या झोतात जाऊन त्याने दोन्ही हात पसरले.

"धन्यवाद, ओदिल!" तो गदगदून म्हणाला. "मला हेच हवं होतं. मित्रहो, लेखक नावाचं कुणी नसतंच! मी आयुष्यभर फक्त ऐकलं. माझ्या शब्दांना जिने तिचं मौन दिलं, ती माझी मूक सोबतीण आज इथे बसली आहे. आनिक, ऊठ. लोकांना दिसू दे."

लोक वेडे झाले. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसू लागल्या. काय ही नम्रता, काय हे मोठं मन! उद्याचे रकाने मला तिथे उभ्या उभ्या वाचता येत होते. त्याला बुडवायला म्हणून मी पाण्यात ढकललं आणि हा पोहून दाखवत होता.

आनिक उठली. सगळे माना वळवून तिच्याकडे बघत होते. तिने बापाकडे एकदा पाहिलं आणि दोन बोटं तोंडात घातली.

एक लांब. दोन तोकड्या.

आमच्याकडे प्रेक्षकांनी शिट्टी मारली की कलाकृती पडली असा अर्थ होतो, तेवढं सगळ्यांना कळलं. बाकीचं आम्हां चौघांना कळलं. मी दोन पावलं पुढे सरले. वरून गास्तोंचं खोकणं ऐकू आलं, आणि लाल पडदा सगळ्या वजनानिशी खाली आला. मोकूर त्याच्यामागे राहिला. तो बोलतच होता. कापडातून 'अस्तित्व' एवढा एक शब्द बाहेर आला, मग तेही कळेनासं झालं. बाल्कनीत कुणीतरी हसलं आणि ते हसू खालपर्यंत पसरलं.

एर्व्हे पडद्याची खालची कड निरखून बघत होता. ती फळ्यांना सरळ टेकली होती. मग त्याने लेकीकडे मान वळवली.

"हे," आनिक म्हणाली. "हे माझं, बाबा."