वेस्तूर कोण चालवणार

नोकरी गेल्याचं हेमचंद्रनं बायकोला सांगितलं होतं, मुलीला नाही. इथं राहण्याच्या परवान्याच्या नियमाप्रमाणे तीन महिन्यांत दुसरी कंपनी मिळाली नाही, तर तिघांनाही पुण्याला परतावं लागणार होतं.

"एवढ्यात जुईला नको सांगूस," प्रांजली म्हणाली होती. "आत्ता कुठे रुळतेय ती."

ते खरं होतं. हार्लेमच्या डच शाळेत पहिली दोन वर्षं जुईनं डबा एकटीनं खाल्ला होता. आता फेमके आणि आणखी दोघी तिच्या मैत्रिणी झाल्या होत्या. चौघी मिळून दर शनिवारी एक खेळ खेळणार होत्या. वेस्तूर नावाचं काल्पनिक जग. तिघींनी त्यातली पात्रं व्हायचं आणि चौथीनं गेममास्टर होऊन ते जग चालवायचं. वादळ कधी येतं, वेशीवरचा पहारेकरी काय बोलतो, सगळं तिनं सांगायचं. गेममास्टर म्हणून मैत्रिणींनी जुईला निवडलं होतं.

पुस्तकं घ्यायला बापलेक दुकानात आले, तर वेस्तूरचं एक अख्खं कपाटच होतं. राज्यांचे इतिहास, देवदेवता, एकेका शहराची वेगळी पुस्तकं.

"सुरुवातीला यातलं काय लागतं?" हेमचंद्रनं दुकानातल्या बाईंना विचारलं.

"नियमांचं पुस्तक लागतंच," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "त्याच्या जोडीला हे बंदराच्या गावाचं पातळ पुस्तक घ्या. तीन-चार शनिवारांत गोष्ट संपते. नाहीतर हे जाडं. यात सगळं जग आहे, मोहीम वर्षभर चालते."

जुई जाडं पुस्तक घेऊन जमिनीवरच बसली होती.

"पातळ घे ना," हेमचंद्र म्हणाला. "पुढचं मग बघू."

जुईनं मान वर केली. तो मराठीत बोलायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "हॉकीत नाव घालायचं होतं तेव्हाही तू 'मग बघू' म्हणालास. उन्हाळ्यात फेमकेच्या घरच्यांबरोबर जायचं विचारलं, तेव्हाही. बाबा, आपण परत जाणार आहोत का?"

त्याला खोटं बोलवेना. तिच्याशेजारी उकिडवा बसून त्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं. "अजून दोन मुलाखती व्हायच्यात. मिळेलही."

"किंवा नाही."

"किंवा नाही."

ती रडली नाही. उठून बाईंशी डचमध्ये काहीतरी बोलली. त्याला अर्धंच कळलं.

"काय विचारलंस?"

"गेममास्टर मध्येच गेली तर काय होतं. खेळ बहुतेक बंद पडतो म्हणाल्या. एखादं पात्र गेलं तर बाकीचे पुढे जातात." तिनं जाडं पुस्तक काउंटरवर ठेवलं. "हे फेमकेला देईन. तीच चालवेल. मी पात्र होईन."

"अगं, पण त्यांनी तुला निवडलंय."

"माहितेय."

"आणि आपण राहिलो तर?"

तिनं पुस्तक बाईंकडे सरकवलं.

घरी प्रांजली नवऱ्यावर चिडली. "मला विचारायचं तरी होतंस," एवढंच म्हणाली आणि जुईच्या खोलीत जाऊन बसली. ते पुस्तक फेमकेला देण्याआधी जुईनं आठवडाभर वाचलं.

शनिवारी हेमचंद्र तिला आणायला फेमकेच्या घरी गेला, तेव्हा खेळ अजून चालूच होता. फेमके पानं उलटत अडखळत होती. बंदरावर राज्य कुणाचं, तेच तिला सापडेना. बाकीच्या दोघी जुईकडे बघायला लागल्या. जुईला उत्तर ठाऊक असणार, हे दारात उभ्या हेमचंद्रला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिनं तोंड उघडलं, मग मिटलं आणि हातातले फासे चाळवत बसली. बऱ्याच वेळानं फेमकेनं स्वतःच एक राणी रचली. पुस्तकात नसलेली. मुली हसल्या, जुईही हसली.

बाहेर आल्यावर जुईनं जॅकेटची चेन लावली. "काही कळलं का?"

"एका कंपनीचा नकार आला. दुपारी."

"ओके," ती म्हणाली आणि सायकलचं कुलूप काढायला वाकली. ते काढायला तिला बराच वेळ लागला. हेमचंद्र शेजारी उभा राहिला.