एकोणीस मॉप

हार्लो फोर्क हे वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातलं गाव. तिथल्या शाळेची अकरा नंबरची बस व्हर्ना स्टॉलनेकर सव्वीस वर्षं चालवत होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा आणि मागे चाळीस पोरांचा कालवा, पण तिच्या हातून बसवर साधा ओरखडाही कधी उठला नाही. सत्तावन्नाव्या वर्षी तिच्या पित्ताशयात खडे झाले. सूज इतकी होती की पोट मोठं उघडूनच ऑपरेशन करावं लागलं. काउंटीच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर अँस्ले म्हणाले, "पाच-सहा आठवड्यांत बसवर हजर व्हाल."

तीन महिने झाले तरी तिला धड वाकता येईना. उजव्या कुशीत काहीतरी सतत ठणकायचं, संध्याकाळी कणकण यायची, अन्नावरची वासना गेली. अंगातले कपडे लोंबायला लागले. पहिल्या खेपेला अँस्ले म्हणाले, आतले टाके भरायला वेळ लागतो. दुसऱ्या खेपेला म्हणाले, वजन उतरलं ते बरंच झालं. आठव्या महिन्यात, चौथ्या खेपेला, त्यांनी मन शांत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दारापर्यंत सोडायला आले, जसं काही म्हाताऱ्या मावशीची समजूत घालतायत.

गाडीत बसल्यावर व्हर्नाने नवऱ्याला विचारलं, "होबी, खरं सांग. मला वेड लागत चाललंय का रे?"

होबी तीस वर्षं कोळशाच्या खाणीत घालवलेला माणूस. बोलणं थोडं आणि वाकडं. "वेड लागायचं असतं तर माझ्याशी लग्न केलंस तेव्हाच लागलं असतं," तो म्हणाला. मग त्याने गाडी घराकडे वळवलीच नाही. सरळ दोन तासांवरच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेली.

तिथे एका तरुण डॉक्टरणीने व्हर्नाचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न तोडता. मग पोटाचा एक्स-रे काढला. पडद्यावर बरगड्यांच्या खाली एक पांढरी नागमोडी रेघ दिसत होती, वळवळत मध्येच थांबलेली.

"हे काय? माझं आतडं?" व्हर्नाने विचारलं.

"नाही," डॉक्टरीण खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. "ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला गॉजचे जाड रुमाल वापरतात, त्यांना मॉप म्हणतात. त्यात हा धागा विणलेला असतो. चुकून एखादा आत राहिला तर एक्स-रेत दिसावा म्हणूनच."

व्हर्ना रडली नाही. तिला आधी हायसंच वाटलं. आठ महिने सगळे म्हणत होते की दुखणं तिच्या मनात आहे, आणि ते तर इथे, बोट ठेवून दाखवता येईल असं, समोर होतं.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये मॉप निघाला, आणि त्याला चिकटून सडलेला वीतभर आतड्याचा तुकडाही काढावा लागला. शाळेने बस दुसऱ्याला दिली. डॉक्टरी दाखला मिळेपर्यंत व्हर्नाला चालकाच्या जागेवर बसायला मनाई होती.

तिने दावा लावायचा ठरवलं तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली. नणंद आर्लीन तर चर्चच्या पायऱ्यांवरच भिडली. "तुझ्यापायी हॉस्पिटल बंद पडलं तर इथल्या बायकांनी बाळंतपणं कुठे करायची? तुझ्या बसमध्ये?"

"झालंय एकदा माझ्या बसमध्ये," व्हर्ना म्हणाली. "पोरगं चांगलं सहा फूट उंच आहे."

बोलली खरी, पण आर्लीनचं बोलणं तिला आत लागलं होतं. वकीलबाई रोझलिंड टेट यांच्यासमोर बसली तेव्हा तिने तेच आधी काढलं. टेटबाईंचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या माडीवर होतं. सत्तरीच्या, काटकुळ्या, कानाला यंत्र. समोरच्या वकिलाचं बोलणं आवडलं नाही की त्या ते यंत्र सरळ काढून ठेवतात, अशी त्यांची ख्याती होती.

"हॉस्पिटल बुडवायचं नाहीये मला," व्हर्ना म्हणाली. "हे झालं कसं ते कळायला हवं. आणि परत कुणाच्या पोटात राहायला नको."

"हॉस्पिटलचा विमा असतो, ते बुडत नाही," टेटबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला सांगते, व्हर्ना, कसं झालं ते कुणी आपणहून सांगणार नाही. ते ओढून काढावं लागतं."

ओढून काढायला सव्वा वर्ष गेलं. दुसऱ्या राज्यातल्या एका नावाजलेल्या सर्जनने कागद तपासून चूक झाल्याचं लिहून दिलं, तेव्हा कुठे दावा पुढे सरकला. मग कोर्टात जाण्याआधीच्या, शपथेवरच्या जबान्या सुरू झाल्या. लांबलचक टेबल, एका टोकाला शब्दन् शब्द टिपणारी लघुलेखिका, समोर हॉस्पिटलचे वकील क्रेनशॉ. क्रेनशॉ माणूस गोड आवाजाचा होता.

"मॅडम, ऑपरेशननंतर घरी तुम्ही काही जड वस्तू उचलली होती?"

"नवऱ्याला एकदा खुर्चीतून उठवलं होतं."

लघुलेखिकेचे ओठ हलले, पण बोटं थांबली नाहीत.

"तुम्हाला मनाच्या गोळ्या दिल्या होत्या. म्हणजे काही त्रास मानसिकही असू शकतो, नाही का?"

"असेल. पण मनात हातभर दोरा कसा गेला, ते तुम्हीच सांगा."

क्रेनशॉने पुढचं पान उलटलं.

तरीही खरी अडचण कागदाची होती. ऑपरेशन संपताना परिचारिका सगळे मॉप मोजते आणि नोंद करते. व्हर्नाच्या नोंदीत लिहिलं होतं: वीस दिले, वीस परत, मोजणी बरोबर. खाली सही कॉरीन माझेलाची. म्हणजे हॉस्पिटलने म्हणायचं, आमच्याकडून सगळं नियमाने झालं, आता देवालाच विचारा.

कॉरीनला व्हर्ना ओळखत होती. तिच्या दोन्ही मुली अकरा नंबरच्याच बसने शाळेत जायच्या. नवरा सोडून गेलेला, दोन-दोन पाळ्या करणारी बाई. सकाळी ओल्या केसांनी पोरींना बसपर्यंत पळवत आणायची आणि चालत्या बसला हात करायची.

"तिच्या जबानीला मी तिला सोलून काढणार आहे," टेटबाई म्हणाल्या.

"नाही काढायचं," व्हर्ना म्हणाली. "मी तिथे बसणार आहे. तुम्ही तिला नीट विचारायचं, माणसासारखं."

टेटबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "चाळीस वर्षांत मला माझ्याच अशिलाने असं दटावलं नव्हतं."

"आता झालं ना."

जबानीच्या दिवशी कॉरीन आली तेव्हा तिने व्हर्नाकडे पाहिलंच नाही. टेटबाईंनी नाव, शिक्षण, किती वर्षं नोकरी, सगळं सावकाश विचारलं. मग नोंदीचा कागद तिच्यासमोर ठेवला आणि हातातलं पेन बाजूला सारलं.

"सिस्टर, मला एकच सांगा. पहिल्यांदा मोजलेत तेव्हा किती भरले?"

"हरकत आहे," क्रेनशॉ म्हणाले. "नोंदीत एकच मोजणी आहे."

"हरकत लिहून घ्या," टेटबाई शांतपणे म्हणाल्या. "उत्तर त्यांनी द्यायचंय."

कॉरीन कागदाकडे बघत राहिली. बाहेर रस्त्यावरून लाकडाचा ट्रक गेला, खिडक्या थरथरल्या आणि पुन्हा गप्प झाल्या.

"एकोणीस," ती म्हणाली.

क्रेनशॉ एकदम पुढे झुकले. कॉरीनने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आता ती व्हर्नाकडे बघत होती.

"मी डॉक्टरांना सांगितलं, एक कमी आहे. ते टाके घालायला लागले होते. म्हणाले, तू नेहमीच चुकतेस, परत मोज. त्यांना दुसरं ऑपरेशन होतं. मी परत मोजले. परत एकोणीस."

"मग?"

"मग मी वीस म्हटलं." तिने नोंदीचा कागद दूर सारला. "आदल्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर मला झापलं होतं. मला पुन्हा ते नको होतं. व्हर्ना, मी वीस म्हटलं."

लघुलेखिका हात आवरून बसली होती. व्हर्नाच्या आत संताप उसळून आला. वाटलं, उठावं आणि या बाईला गदागदा हलवावं. एका शब्दासाठी आठ महिने, वीतभर आतडं. पण त्या संतापाच्या मागोमाग दुसरंही काही आलं. एवढ्या कोट-टायवाल्यांमध्ये आपलं नुकसान करून खरं बोलली ती हीच एक.

मधल्या सुट्टीत दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या.

"मी तुला लगेच माफ करणार नाही," व्हर्ना म्हणाली.

"मी मागितलीही नाही."

"ठीक. मग पाणी पी. तोंड सुकलंय तुझं."

त्यानंतर हॉस्पिटलचा सूर पालटला. महिन्याभरात तडजोडीची बैठक ठरली. एक निवृत्त न्यायाधीश दोन खोल्यांमध्ये निरोप घेऊन फेऱ्या मारत होते. भरपाईचा आकडा दुपारपर्यंत ठरला. व्हर्नाला पुढची काळजी राहणार नव्हती. पण हॉस्पिटलची अट होती की घडलेल्या प्रकाराबद्दल तिने कायम तोंड बंद ठेवायचं.

"आकडा गुप्त ठेवते," व्हर्ना म्हणाली. "माझं पोट माझं आहे. त्याच्याबद्दल मी बोलणार. आणि माझ्याही अटी आहेत. ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर मोठा फळा लावायचा, मॉप किती दिले, किती आले, सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. आकडा जुळत नसेल तर एक्स-रे काढल्याशिवाय पोट शिवायचं नाही. खरं बोलली म्हणून कॉरीनची नोकरी घालवायची नाही. आणि डॉक्टरांनी स्वतः येऊन माझ्याशी बोलायचं. वकिलाकरवी नाही."

न्यायाधीशांनी डोकं खाजवलं. "शेवटची अट मला जड दिसतेय."

"मला वीतभर आतडं जड गेलं," व्हर्ना म्हणाली.

हॉस्पिटलवाल्यांच्या खोलीत गेले ते तासभर आलेच नाहीत. होबी खुर्चीत घोरायला लागला. दार उघडलं तेव्हा त्यांच्या मागे डॉक्टर अँस्ले होते. पांढऱ्या कोटाशिवाय ते बुटके दिसत होते. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"मी घाईत होतो," ते म्हणाले. "सिस्टरचं ऐकलं नाही. नंतर तुमचंही ऐकलं नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण तेव्हा मला घाई नव्हती." ते थांबले. "तुम्ही खरं सांगत होतात. मी चुकलो."

व्हर्नाने मनात केव्हापासून एक लांबलचक भाषण तयार ठेवलं होतं. त्यातलं तिला काहीच म्हणावंसं वाटलं नाही. "बरं झालं बोललात," ती म्हणाली. "आता तो फळा तुम्ही स्वतः लावून घ्या."

"लावतो," ते म्हणाले, आणि या वेळी दारापर्यंत व्हर्नाच त्यांना सोडायला गेली.

ऑगस्टमध्ये तिला दाखला मिळाला. शाळा उघडली त्या सकाळी तिने अकरा नंबरची किल्ली फिरवली. पहिल्याच थांब्यावर चढलेल्या कॉरीनच्या धाकटीने सांगून टाकलं की मधला ड्रायव्हर वळणावर फार हळू चालवायचा, त्याची मजा नव्हती. व्हर्ना म्हणाली, "खाली बस, नाहीतर मी त्याच्याहून हळू चालवीन." आणि पोरं खिदळली.

पुढच्या एप्रिलमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नेहमीचं रॅम्पचं जेवण होतं. डोंगरातून उपटून आणलेला तो उग्र वासाचा रानकांदा बटाट्यांबरोबर डुकराच्या चरबीत परतलेला, सोबत घेवड्याच्या शेंगा आणि मक्याचा पाव. अर्ध्या मैलावरून वास येत होता. आर्लीन वाढत होती. तिने व्हर्नाच्या ताटात एक डाव जास्तच घातला, पण वर बघितलं नाही.

"फळ्यामुळे परवा एक मॉप सापडला म्हणे," ती पुटपुटली. "चर्चजवळची म्हातारी नाही का, तिच्या ऑपरेशनच्या वेळी. चादरीखाली गेला होता."

"कोण म्हणालं?"

"कॉरीन. ती बघ, तिकडे बसलीय."

व्हर्ना ताट घेऊन तिकडे गेली. कॉरीनने शेजारची पर्स उचलून जागा केली. होबी समोर बसला आणि तिसऱ्यांदा बटाटे आणायला उठला.

"पुरे की रे," व्हर्ना म्हणाली, "आठवडाभर तुझ्याजवळ कुणी फिरकणार नाही."

"तुझ्याजवळ तरी कोण फिरकणारंय," होबी म्हणाला आणि तिच्या ताटातला पाव उचलून गेला.

व्हर्नाने खाल्लं, पोटभर खाल्लं. कॉरीन मुलींच्या शाळेचं सांगत होती, कुणीतरी बँजो काढला होता, आणि दाराबाहेर डोंगरावर उन्हं अजून रेंगाळत होती. कुशीत कुठेही काही दुखत नव्हतं. तिने बोटाने ताट निपटून काढलं आणि आर्लीनला हाक मारली, "अगं, अजून आहे का थोडं?"