तसबिरीवरची धूळ

न्यिदोन चुलीत शेणी सारत होती. खालच्या वळणावर जीपचा आवाज आला आणि तिची नजर चौरंगावर गेली. यांगकीचा लाकडी प्याला तिथं काठोकाठ भरलेला होता. लोण्याच्या चहावर साय धरली होती.

“बाबा! हा कुणी ठेवला?”

गोंपो आजोबा खिडकीपाशी जपमाळ ओढत बसले होते. “मी. पोरगी एवढ्या लांब निघाली, कुणी ठेवायला नको?”

“अहो, घरात काही म्हणजे काही दिसता कामा नये, असं मी बजावलं होतं ना?”

“प्याल्याचं नव्हतीस बोलली.”

लांबच्या वाटेला निघणाऱ्याचा प्याला भरून ठेवायचा, म्हणजे तो परत येऊन पितो. खोऱ्यातल्या कुठल्याही घरात असा प्याला दिसला, की या घरातलं माणूस दूर गेलंय, हे शेंबडं पोरही सांगेल. न्यिदोननं तर गावभर सांगून ठेवलं होतं, की यांगकी पलीकडच्या वाडीत मावशीकडे तापानं पडली आहे. मावशीकडे गेलेल्या पोरीसाठी कुणी प्याला भरत नाही.

चहा ओतून टाकायला तिनं हात पुढं केला, पण प्याला काही उचलवेना. आईच्या हातून असलं काम कसं व्हावं!

यांगकी सगळा हिवाळा त्यांच्या गोठ्यात गावातल्या मुलांना तिबेटी अक्षरं गिरवायला लावत होती, कारण शाळेत आता ती कुणी शिकवत नव्हतं. आधी गोठ्याला कुलूप लागलं. मग तिला चौकीवर बोलावणी येऊ लागली, आणि शेवटी तिला ‘सुधारायला’ पाठवायचं ठरल्याचं कानावर आलं. आपल्याच मुलांना आपली अक्षरं शिकवली, एवढाच काय तो गुन्हा. आत्ता ती खिंडीच्या पायथ्याशी कुठंतरी दडून असेल. उद्या उजाडेपर्यंत ती पलीकडे उतरायला हवी होती. तोवर इथून कुणी सरहद्दीवर एक फोन केला, तरी सगळं संपणार होतं.

दार वाजलं. चौकीवरचे ल्यू साहेब आत आले, मागून फुर्बू.

ल्यू साहेब परके. प्याल्यातलं त्यांना काय कळणार? न्यिदोनला धास्ती होती ती फुर्बूची. तो याच खोऱ्यातला, आता साहेबांचा दुभाषा. गाव त्याला पाठीमागे सरकारी पोपट म्हणायचं.

“मुलगी कुठाय, विचारताहेत,” फुर्बू म्हणाला.

“मावशीकडे. ताप आहे तिला.”

फुर्बूनं तसंच्या तसं चिनीत सांगितलं. सांगता सांगता त्याची नजर चौरंगावर आली आणि तिथंच थांबली.

“काय रे पोपटा,” आजोबा खिडकीतून म्हणाले, “तुझ्या बापाला याकवर बसायला मी शिकवलं. पडायचा सारखा.”

“आजोबा, गप्प बसा,” फुर्बू वर न बघता म्हणाला.

साहेबांना मुलीचं अंथरूण पाहायचं होतं. न्यिदोन त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. त्यांनी गोधड्या उचलल्या, पेटी उघडली, यांगकीचे लोकरीचे बूट कुठं आहेत असं खुणेनं विचारलं. तिनं मावशीच्या वाडीच्या दिशेनं हात केला. बाहेर फुर्बू काय करत होता, ते काहीच ऐकू येत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा चौरंग रिकामा होता.

फुर्बू दाराशी उभा होता. त्याच्या जाड कोटाचे खिसे फुगलेले होते आणि हातात फोन होता. न्यिदोननं बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून जप करत होते, पण माळेचा मणी पुढं सरकत नव्हता. पुरावा म्हणून नेला, तिच्या मनात आलं. लेकीला आपल्याच घरातल्या प्याल्यानं धरून दिलं.

साहेब बाहेर पडले. फुर्बू उंबऱ्यावर थबकला आणि फळीवरच्या पुढाऱ्यांच्या तसबिरीकडे बोट दाखवून चढ्या आवाजात म्हणाला,

“सरकारनं दिलेली तसबीर अशी ठेवतात? केवढी धूळ ती! साहेब गेले की आधी ती पुसा. आणि रोज पुसायची, कळलं?”

“हो,” न्यिदोन कशीबशी म्हणाली.

जीप वळणाआड गेली. आजोबांनी डोळे उघडले.

“मी उगाच ठेवला गं,” ते म्हणाले. “माझं मेल्याचं डोकंच फिरलं होतं. तो इथं आला तेव्हा भीतीनं डोळे घट्ट मिटले मी, काही पाहिलंसुद्धा नाही.”

न्यिदोनला काय करावं ते सुचेना, म्हणून तिनं फडकं घेतलं, स्टूल ओढलं आणि वर चढली. काचेवर फार धूळ नव्हती. परवाच तर पुसली होती तिनं.

तिनं तसबीर हळूच पुढं ओढली.

मागं, भिंतीला लागून, यांगकीचा प्याला होता. काठोकाठ भरलेला. वरची साय कुठंही फाटली नव्हती.

न्यिदोननं प्याल्याला हात लावून पाहिला. मग खाली न उतरताच म्हणाली,

“बाबा, थर्मास द्या इकडे. चहा गार झालाय तिचा.”