माझ्याखाली लपलेला हात

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. पण कृपया मला अंग पुसणाऱ्यांत मोजू नका. मी व्यावसायिक खेळात आहे. म्हणजे खेळतो दुसरा, मी पुसतो.

कारखान्यात एका लांबलचक कापडातून आम्हा भावंडांना कापलं. काही जण चष्म्यांकडे गेले, एक मोटारीच्या काचेवर लागला. मी बॉलिंगच्या सामानाच्या दुकानात आलो. घराण्यात खेळाकडे वळलेला मी पहिलाच.

दुकान एका ताईंचं होतं. बॉलला बोटांसाठी भोकं पाडून देणं हे त्यांचं काम. त्यांचा धाकटा भाऊ सामने खेळायचा. त्याला पहिला चांगला बॉल दिला, तेव्हा त्यावर मी फुकट होतो. तेव्हापासून तो माझा मालक.

खेळ सोपा आहे. लांब गुळगुळीत पट्टीच्या टोकाला दहा पिना उभ्या असतात. बॉल घरंगळत सोडून त्या पाडायच्या. पट्टीवर तेल असतं, ते बॉलला लागतं, आणि तेलकट बॉल मनाला येईल तिकडे जातो. म्हणून प्रत्येक फेकीआधी मी.

मालकाच्या पिशवीत सहा बॉल होते. नाकापेक्षा मोती जड. लाल बॉल आज्ञाधारक, सरळ जाणारा. काळा खरखरीत; निम्म्या वाटेपर्यंत सज्जन आणि मग काही न सांगता डावीकडे वळणारा. उरलेले चौघे या दोघांच्या मधले. जिंकलं की कौतुक बॉलचं, हरलं की बॉल नीट पुसला नव्हता. एकदा मात्र एका पंचांनी मला हातात घेऊन "जाड आहे" असं म्हटलं होतं. त्या आठवणीवर मी बरीच वर्षं काढली.

पुढे पुढे मालक पुसायला वेळ लावू लागला. बॉल कोरडा व्हायचा, चकचकीत व्हायचा, त्यात छताचे दिवे दिसायचे, तरी हा पुसतोच आहे. खेळाडूंनी त्याचं नाव 'गोगलगाय' ठेवलं. समालोचक म्हणायचा, काय खोल विचार करतो हा माणूस. मित्रांनो, तो विचार करत नव्हता. तो वाट पाहत होता. त्याचा उजवा हात थरथरायचा. माझ्याखाली बॉलवर दाबून धरला की थोड्या वेळाने थांबायचा, आणि मग तो फेकायचा. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

मग नियम आला. प्रत्येक फेकीला पंचवीस सेकंद. त्यातच बॉल निवडा, त्यातच पुसा, त्यातच सोडा. पहिल्या उशिराला ताकीद, पुढच्या उशिराला त्या फेकीचं शून्य. पट्टीच्या वर लाल आकड्यांचं घड्याळ टांगलं. ते उलटं मोजायचं, जणू रॉकेट सुटणार आहे.

मालकाने आधी दोष मला दिला. चटकन टिपणारा पातळ टॉवेल आणला आणि मला पिशवीच्या तळाशी एका मोज्याशेजारी कोंबलं. मोजा एकटाच होता. जोडीदाराचं काय झालं, ते मी विचारलं नाही. पण पहिल्याच सामन्यात नवा टॉवेल नापास झाला. पातळ कापडातून थरथर दिसत होती. मला परत बोलावलं गेलं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची भीतीही वाटली.

मग दोष बॉलना. अंगठ्याचं भोक सैल करून दे म्हणून तो ताईंकडे गेला, नंतर घट्ट करून दे म्हणून. पुन्हा सैल करायला आला, तेव्हा ताईंनी ड्रिल बंद केलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"भोक तेच आहे रे. अंगठा बदललाय. दाखव हात."

"हात दाखवून अवलक्षण कशाला, ताई?"

"गाढवा, लहानपणी तुझं नाक पुसलंय मी. हाताला काय लाजतोस?"

त्याने हात माझ्यात गुंडाळला. ताई समजल्या. म्हणाल्या, आधी डॉक्टर. आणि खेळायचंच असेल तर दोन हातांनी टाक, हल्ली बरेच जण टाकतात. अंगठा घालायचा नाही, दुसरा हात बॉलला सांभाळतो. पण नियमाने, जे भोक वापरत नाही ते बॉलला असता कामा नये. अंगठ्याची भोकं बुजवावी लागणार होती. एक पाय इकडे, एक पाय तिकडे चालणार नव्हतं. विचार करतो, म्हणाला मालक, आणि निघाला.

मोसमाचा शेवटचा सामना आला. हरला तर पुढच्या मोसमातून नाव बाद. समोर दोन हातांनी टाकणारी एक तरुण मुलगी होती. मालकाला 'गोगलगाय' हे नाव पहिल्यांदा तिनेच ठेवलं होतं. मालकाला ताकीद आधीच मिळाली होती. शेवटच्या फेकीत नऊ पिना हव्या होत्या.

त्याने लाल बॉल उचलला, ठेवला, काळा उचलला. मी गोल गोल फिरू लागलो. माझ्याखालचा हात थांबेना. वर आकडे उतरत होते, आणि मला कळलं की हा शून्य घेणार आहे. उशीर झाला तर लोक म्हणतील, गोगलगाय ती गोगलगायच. हाताकडे कोणी बघणार नाही. मित्रांनो, त्याला हा सौदा स्वस्त वाटत होता.

मी कोपऱ्यात बसलेल्या ताईंना पाहिलं. बहुधा त्यानेही पाहिलं. त्याने मला खांद्यावरून मागे टाकलं. दिव्यांखाली तो हात सगळ्यांना दिसला, पाण्यातल्या सावलीसारखा हलणारा. बॉल सुटला. काळ्याने वळायला उशीर केला. सात पिना पडल्या.

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मी जमिनीवरच होतो, आणि बुटांकडे इतकी माणसं एकदम बघताना मी प्रथमच पाहिली. ती मुलगी आली, मला उचललं, झटकलं, त्याच्या हातात दिलं.

"काका, हात बरा नाही का?"

"नाही," मालक म्हणाला आणि खुर्चीत बसला. इतकी वर्षं मी झाकलेली गोष्ट एका शब्दात मावली.

डॉक्टर काय म्हणाले, ते मला कोणी सांगितलं नाही. दाराबाहेर मी ताईंच्या मांडीवर होतो आणि त्या माझ्या कडेचे दोरे उपटत होत्या. आता पाच बॉलची भोकं बुजली आहेत. काळ्याचं अजून तसंच आहे. ताई विचारत नाहीत. मालक सकाळी रिकाम्या पट्टीवर येऊन दोन हातांनी टाकतो, बॉल बहुतेक वेळा पट्टीबाहेर जातो. मला आता बॉलवरून दोनदाच फिरायचं असतं. उरलेला वेळ मी काळ्यावरची धूळ झटकतो.

मित्रांनो, टॉवेल धुवा, वाळवा, मोज्यांपासून दूर ठेवा. आणि कोणी तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा पुसताना दिसला, तर 'आटप' म्हणण्याआधी त्याच्या हाताकडे बघा आणि विचारा. मला विचारता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.