हव्वेचा चेहरा

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कुणाला समोर बसवून चित्र काढणं त्यांना कधी जमलंच नाही. बाई काढायची म्हटली की हात आपसूक चालायचा आणि हटकून आईचाच चेहरा उमटायचा. साबणाच्या पाटीवर आई, शिवणयंत्राच्या पाटीवर आई, चष्म्याच्या दुकानावर चष्मा लावलेली आई. बाजारातून जाताना काय ऐट असायची तिची! आता त्या पाट्या गेल्या, ती दोघंही गेली. पण कुठे ताज्या रंगाचा वास आला की मी अजून थबकते.

एकदा चर्चचं काम आलं. बाप्तिस्म्याच्या कुंडामागच्या भिंतीवर बागेतून हाकलले गेलेले आदाम आणि हव्वा काढायचे होते. देवानं मना केलेलं फळ खाल्ल्याच्या त्यांच्या पापाचा डाग घेऊनच प्रत्येक मूल जन्माला येतं आणि या कुंडात तो धुतला जातो, असं फादरनी बाबांना समजावलं. बाबांनी शिडीवर चढून मन लावून रंगवलं. पडदा बाजूला झाला आणि बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हातात अर्धं खाल्लेलं फळ आणि चेहरा आमच्या आईचा! ती तिथंच उभी होती, कडेवर माझा धाकटा भाऊ. पुढच्याच रविवारी त्याचा बाप्तिस्मा होता.

"पेंटर, हे काय हो?" फादरनी विचारलं.

बाबा गांगरले. "हिनंच सांगितलं होतं, हव्वा जरा देखणी काढा म्हणून."

आई असलं काही बोललीच नव्हती.

"आदामानंही देवाला हेच सांगितलं," फादर म्हणाले. "त्या बाईनं दिलं, म्हणून मी खाल्लं."

घरी आल्यावर आईनं भांडी आपटली. "तोंड माझं काढलंत, त्याचं एक वेळ काही नाही. पण चारचौघांत माझ्यावर ढकलून मोकळे झालात! त्या भिंतीखाली मी पोराला आणायची नाही."

बाप्तिस्म्याविना पोर ठेवायचं म्हणजे तिच्याच जिवाला घोर. येता-जाता त्याच्या कपाळावरून हात फिरवायची, पण हट्ट सोडेना. बाबांनी भिंतीवरचा चेहरा पुसून पाहिला, नाक बदललं, केस बदलले. तरी आईच!

रविवारी आत्यानं तिला पोरासकट कसंबसं चर्चच्या दारापर्यंत आणलं. पुढे मात्र ती पाऊल टाकेना. तेव्हा बाबा कुंडापासून निघाले आणि बाकांच्या मधोमध येऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझा बाप लोकांसमोर मोठ्यानं बोलला.

"हिनं काही सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो. मला दुसऱ्या बाईचा चेहरा येतच नाही, त्याला मी काय करू?"

सगळे हसले. मला मात्र रडू फुटलं.

आई तरातरा आत आली, थेट कुंडापाशी. "फादर, आधी ह्यांच्या डोक्यावर ओता. मग पोराच्या."

फादरनी ओंजळ भरली. बाबांनी मुकाट्यानं मान पुढे केली.